माजी सैनिकांची बोलण्याची बैठक: गावात कशी बसवायची आणि कशी सांभाळायची

सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात घरटी एक फौजी अशी गावं आहेत. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरीच्या तर नावातच फौज आहे. पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या तिथल्या ४६ जणांची आठवण गावाने जपली आहे. अशा गावांत सत्कार होतात, २६ जुलैला, कारगिल विजय दिवशी, पुष्पचक्र वाहिलं जातं, शाळेत भाषण होतं. पण रात्री दोन वाजता अंगणात बसून राहणाऱ्या माणसाला 'झोप का लागत नाही?' असं विचारणारं कुणी नसतं. त्याच्यासारख्याच सहा-आठ फौजींनी ठरलेल्या वेळी बसून बोलायचं, अशी बैठक सुरू करायची असेल तर काय काय लागतं, ते इथे लिहिलं आहे. डॉक्टरांच्या उपचारांची जागा ती घेणार नाही. पण उपचारांपर्यंत माणूस पोचतो तो बऱ्याचदा दुसऱ्या फौजीबरोबरच.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. किती बोलायचं आणि कुठे थांबायचं, हे बोलणाऱ्यानेच ठरवायचं. लढाईत त्या क्षणी त्याच्या हातात काही उरलं नव्हतं, आणि तेच आजवर सलत असतं. बैठकीतही त्याच्याकडून हकीकत उपसून काढली तर तेच पुन्हा घडतं. 'एकदाचं सगळं बोलून टाक, मोकळा होशील' हा सल्ला चांगल्या मनाने दिला जातो आणि घात करतो. एकाच बसणीत सगळं वदवून घेतल्याने फायदा होत नाही, उलट काहींचा त्रास वाढतो, हे अभ्यासांतूनही दिसलं आहे.

त्रास ओळखायचा कसा

डॉक्टर याला पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर मागे राहणारा मानसिक त्रास, म्हणतात. १९८० साली हे निदान अमेरिकेतल्या मनोविकारांच्या यादीत आलं, त्यामागे व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांचा मोठा रेटा होता. त्याच्या दहा वर्षं आधी, १९७० मध्ये, न्यूयॉर्कमध्ये हे सैनिक आपापसात बसून बोलू लागले होते. रॉबर्ट लिफ्टन आणि चैम शाटन हे मनोविकारतज्ज्ञ त्या बैठकांत सामील झाले, पण बैठक सैनिकांचीच राहिली. आपल्याकडेही तसंच राहू द्यावं.

खुणा चार प्रकारच्या. घडलेलं स्वप्नात किंवा जागेपणी पुन्हा पुन्हा दिसणं. आठवण येईल असं सगळं टाळणं. मन बधिर होणं, स्वतःलाच दोष देणं, घरच्यांबद्दलसुद्धा काही न वाटणं. आणि शरीर कायम पहाऱ्यावर असणं. महिन्याहून जास्त काळ हे चाललं आणि रोजचं जगणं अडू लागलं, तर तपासून घ्यायला हवं. गावात मात्र ही नावं कुणी घेत नाही. तिथे ऐकू येतं ते असं: 'डोकं गरम आहे त्याचं', 'माणसात मिसळत नाही', 'लग्नाला येतो, पण अक्षता पडायच्या आत निघून जातो'.

सगळ्याच सवयी आजार नसतात. पहाटे आणि तिन्हीसांजेला मोर्चात, म्हणजे खंदकात, सज्ज राहायचं, 'स्टँड-टू' करायचं, हे अंगात मुरलेलं असतं. चारला उठून घराभोवती फेरी मारणारा प्रत्येक जण त्रासात असतोच असं नाही. फेरीनंतर तो चहा घेऊन कामाला लागतो, की कडी तीनदा तपासूनही त्याला खाली बसवत नाही, हे बघा.

नोकरीत असताना बहुतेकांनी हे लपवलेलं असतं. फौजेच्या 'शेप' या वैद्यकीय श्रेणीतला पहिला 'एस' मनाच्या तब्येतीचा. तो घसरला की लो मेडिकल कॅटेगरी, मग बढती अडते, कोर्स अडतात, म्हणून तोंड बंद. पंधरा-सतरा वर्षांची नोकरी करून चाळिशीच्या आत पेन्शनीत आलेल्या माणसाला गप्प राहणं अंगवळणी पडलेलं असतं. १९७१ वाले आता सत्तरीच्या पुढे आहेत. शेती मुलांकडे गेली, बायको गेली, कान मंदावले, की पन्नास वर्षं दाबून ठेवलेलं वर येतं, आणि घरचे म्हणतात, 'म्हातारपणी हे काय नवीन?' १९८७ ते १९९० मध्ये शांतिसेनेतून श्रीलंकेत गेलेल्यांचं दुखणं आणखी वेगळं. त्या मोहिमेत आपले हजाराहून अधिक जवान कामी आले, पण परतलेल्यांच्या वाट्याला ना विजय दिवस आला ना मिरवणूक. म्हणून निमंत्रण देताना 'कारगिलवाल्यांची बैठक' असं चुकूनही म्हणू नका. तेवढ्या एका शब्दाने असा माणूस पुन्हा फिरकत नाही.

माणसं, हुद्दा, खोली

सहा ते आठ जण पुरेत. चारच असले तर एक जण न आल्यावर बैठक पडते. दहाच्या वर गेले की दोघंतिघंच बोलतात आणि बाकीचे नुसते श्रोते होतात. चालवणारे दोघे हवेत. एकाने बोलणं सांभाळायचं, दुसऱ्याने फक्त माणसांकडे बघायचं: कुणाचा श्वास चढलाय, कोण खुर्चीच्या कडेला आलाय. हे दुसरं काम जास्त कठीण. त्यासाठी कमी बोलणारा माणूस निवडा.

हुद्द्याचा प्रश्न पहिल्याच दिवशी मिटवा. सुभेदार साहेब बोलायला लागले की शिपाई 'जी साब' म्हणून गप्प होतो. बैठकीत गावातलीच हाक असू द्या: आबा, तात्या, अण्णा, दादा. एखाद्याला हुद्द्यानेच हाक मारलेली हवी असेल तर त्यावर अडून बसू नका. मात्र ज्याच्या हुकमावर दुसरा चढाईला गेला होता, असे एकाच कंपनीतले दोघे असतील, तर पहिले तीन-चार महिने त्यांना वेगळ्या बैठकीत बसवा. कधीतरी ते समोरासमोर बोलतील आणि ते बोलणं मोलाचं असेल, पण पहिल्यांदाच सहा जणांच्या देखत नको.

ग्रामपंचायतीचं सभागृह टाळा. खिडकीत पोरं आणि बाहेर कट्टा असतो. सुट्टीच्या दिवशी शाळेचा वर्ग, तालमीची माडी, पतसंस्थेची वरची खोली चालेल. खुर्च्या गोल मांडा, पण भिंतीला लागून, म्हणजे कुणाच्या मागून कुणी जाणार नाही. दाराकडे पाठ कुणाचीच नको. एखाद्याला दाराजवळचीच खुर्ची लागते; ती दर वेळी त्याच्यासाठी राखून ठेवा, कारण विचारू नका. दार नुसतं लोटलेलं, कडी नाही. फडफडणारी ट्यूब आधीच बदला, खडखडणारा पंखा बंद ठेवा. सतरंजीवर बसवू नका: गुडघे गेलेले असतात, आणि पटकन उठता येत नाही म्हटल्यावर जीव कासावीस होतो.

दर पंधरा दिवसांनी, ठरलेल्या वारी, दीड तास. रविवारी दुपारी तीन ते साडेचार ही वेळ खेड्यात बरी पडते. संध्याकाळच्या धारेआधी मोकळं होता येतं आणि उजेडात घरी पोचता येतं. रात्री बसलात तर माणूस तिथून थेट अंथरुणात जातो, आणि ढवळलेलं सगळं स्वप्नात येतं.

पहिल्या दोन बैठका

या दोन बैठकांत लढाई नको. पलटण कोणती, भरती कुठे झाली, ट्रेनिंग सेंटर कुठलं, लंगरात (पलटणीच्या स्वयंपाकघरात) काय मिळायचं, पहिली सुट्टी किती दिवसांची, एवढंच. लंगरावरून निघालेलं बोलणं हमखास रंगतं, आणि माणूस या खोलीत बोलायला सरावतो. नियमही तेव्हाच ठरवा, लिहून काढा आणि दर वेळी वाचून दाखवा:

१. इथलं इथेच. अपवाद एकच, कुणाच्या जिवाला धोका असेल तर.
२. फोन बंद करून टोपलीत. फोटो, रेकॉर्डिंग, व्हॉट्सअॅपवर काही टाकणं, यातलं काही नाही.
३. कधीही उठून बाहेर जाता येईल. चालवणाऱ्यांपैकी एक जण मागे जाईल, तो फक्त सोबतीला. परत आणायला नव्हे.
४. पिऊन आलेल्याला त्या दिवशी घरी पोचवायचं आणि पुढच्या वेळी बोलवायचं.
५. कामगिरीचा तपशील नाही: ठिकाणांचे नकाशातले आकडे, संख्याबळ, सांकेतिक शब्द. शासकीय गुपिते कायदा, १९२३ पेन्शनीत आल्यावरही लागू असतो, आणि आपल्याला काय दिसलं, काय वाटलं हे सांगायला यातलं काही लागत नाही.

सांगणं आणि थांबवणं

तिसऱ्या बैठकीपासून ज्याची तयारी असेल त्याने बोलावं. एका बैठकीत दोघांपेक्षा जास्त नको, आणि एकाला पंधरा मिनिटांपेक्षा जास्त वेळ नको. सुरुवात धोका यायच्या आधीपासून करायची आणि शेवट धोका टळल्यावर: सकाळच्या चहापासून, ते खाली तळावर येऊन बूट काढेपर्यंत. मधला सगळ्यात वाईट भाग पहिल्या वेळी दोन वाक्यांत आटोपला तरी चालतो. 'मग गोळीबार झाला आणि आमचा एक गेला' एवढंसुद्धा त्या दिवसापुरतं भरपूर आहे. पुढच्या वेळी तो आपणहून एक वाक्य वाढवेल.

थांबवायची वेळ कधी झाली हे मराठीत कानालाच कळतं. 'आम्ही वर चढत होतो, धुकं होतं' असं चाललेलं असतं आणि मध्येच क्रियापदं बदलतात: 'दगड आहे समोर... तो पुढे जातोय... मी हाक मारतोय...' होतं-नव्हतं जाऊन आहे-नाही आलं, की माणूस आठवत नसतो, तो तिथे पोचलेला असतो. त्याच सुमाराला नजर एका बिंदूवर खिळते, तळवे मांड्यांवर घासले जातात, वरच्या ओठावर घाम दिसतो. अशा वेळी पुढे बोलू द्यायचं नाही. हळू पण स्पष्ट आवाजात म्हणा: 'आबा, इथवर राहू द्या. तुम्ही शाळेत आहात, आज रविवार, साडेतीन वाजलेत. मी शेजारी आहे.' पाय जमिनीवर दाबायला सांगा. हातात गार पाण्याचा तांब्या द्या, मनगटावर पाणी घेऊ द्या. मग खोलीत दिसणाऱ्या पाच वस्तू, ऐकू येणारे तीन आवाज मोजून घ्या. श्वास चार अंक मोजत आत, सहा अंक मोजत बाहेर, तीन-चार मिनिटं. 'खोल श्वास घ्या' म्हटलं की लोक भराभर मोठे श्वास ओढतात आणि चक्कर येते; भर सोडण्यावर द्यायचा. मागून खांद्यावर हात ठेवायचा नाही. समोरून, विचारून.

ऐकणाऱ्यांकडून होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. 'आमच्याकडे तर याहून भयंकर झालं' ही सगळ्यात नेहमीची. 'किती मारले?' हा प्रश्न कधीच नाही. 'देवाची मर्जी' म्हटलं की बोलणाऱ्याला पुढे बोलायला जागाच उरत नाही. तो थांबला तर मनात वीस अंक मोजेपर्यंत गप्प राहा. शेवटी एवढंच म्हणा, 'ऐकलं आम्ही.'

अपराधीपणाचं बोलणं वेगळं हाताळावं लागतं. 'ड्यूटी माझी होती, मी बदलून घेतली, तो गेला.' यावर सगळे एकदम म्हणतात, 'तुझी काय चूक त्यात!' आणि त्याला वाटतं, यांना कळलंच नाही. त्याऐवजी सावकाश विचारा: ड्यूटी बदलली तेव्हा तुम्हाला नेमकं काय माहीत होतं? त्या रात्री मारा होणार हे कुणाला ठाऊक होतं? आज माहीत असलेलं आणि त्या वेळी माहीत असलेलं, दोन्ही त्याच्याच तोंडून वेगळं होऊ द्या. एका दिवसात होत नाही. आणि खरोखरच काही चूक घडलेली असेल, तर ती पुसायला जाऊ नका; तिच्यासह जगणारा माणूस समोर बसलाय, त्याच्याबरोबर बसून राहा.

काहींना बोलताच येत नाही. त्यांना शंभर पानी वही द्या. दिवसा, उजेडात, वीस मिनिटं लिहायचं, गजर लावून. मग वही बंद करून शेतावर एक चक्कर. वही कुणाला दाखवायची नसेल तर नाही दाखवायची.

शेवटची वीस मिनिटं काहीही झालं तरी आजच्या गप्पांची: चहा, पाऊस, ऊसतोडीची पाळी, दुधाचा दर. प्रत्येकाने आज रात्री काय करणार ते सांगायचं. ज्याने त्या दिवशी सांगितलं असेल त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी फोन. दोन-तीन रात्री झोप बिघडू शकते, हे त्याला आणि त्याच्या बायकोला आधीच सांगून ठेवा, नाहीतर 'बैठकीनेच वाढलं' म्हणून येणं बंद होतं. आठवड्यानंतरही झोप बिघडलेलीच राहिली तर मात्र वेग कमी करा.

घरात आणि गावात

घरच्या बायकांसाठी महिन्यातून एकदा वेगळी बैठक ठेवा. त्यांना सगळ्यात आधी हवं असतं ते रात्रीचं उत्तर. स्वप्नात ओरडणाऱ्या माणसाला हलवून उठवायचं नाही. झोपेत तो हात उगारू शकतो, गळा धरू शकतो, आणि जाग आल्यावर त्याला स्वतःचीच भीती वाटते. दिवा लावायचा, पायाकडच्या बाजूला हाताच्या टप्प्याबाहेर उभं राहायचं, नावाने हाक मारायची, 'घरी आहात' म्हणायचं. काय दिसलं ते तेव्हा विचारायचं नाही.

विहिरीचे सुरुंग, लग्नातली शोभेची दारू, दिवाळीचे सुतळी बॉम्ब, गणपतीतला डॉल्बी यांचा बंदोबस्त आधी करता येतो. सुरुंग उडवणाऱ्यांना विनंती करा की वेळ आदल्या दिवशी सांगा. येणारा आवाज माहीत असला की दचका बराच कमी बसतो. दिवाळीत फटाके कधी वाजवायचे ते गल्लीतल्या पोरांशी ठरवून घ्या, आणि त्या तासाला बैठकीतल्या दोघांनी ज्याला त्रास होतो त्याच्याकडे जाऊन बसावं. डिझेलचा धूर, पेटवलेला ऊस, जत्रेतलं रक्त, असे वासही आवाजाइतकेच जोरकस असतात; बैठकीत प्रत्येकाने आपापली यादी करावी. त्यात साथीदार गेल्याची तारीखही असते, आणि ती सरकारी दिनदर्शिकेत सापडत नाही.

कॅन्टीनच्या रमबद्दल. पहिली झोप तिने लवकर लागते, उत्तररात्री मोडते आणि स्वप्नं वाढतात. पण रोज भरपूर पिणाऱ्याला 'आजपासून बंद' असं करायला लावू नका. पहिल्या दोन-तीन दिवसांत हात थरथरणं, घाम, फिट, भ्रम होऊ शकतो आणि जिवावर बेततं. ती दारू डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवायची.

डॉक्टर, औषधं, कागद

ईसीएचएस ही माजी सैनिकांसाठीची आरोग्य योजना एप्रिल २००३ पासून आहे. कार्ड घेऊन पॉलिक्लिनिकमध्ये जा. तिथले डॉक्टर मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवायची चिठ्ठी देतात. 'झोप येत नाही' एवढंच सांगितलं तर झोपेची गोळी मिळते आणि विषय संपतो. घरून चार ओळी लिहून न्या: आठवड्यात किती रात्री स्वप्नं, कशाने दचकतो, काय टाळतो, कधीपासून, दारू किती. बरोबर बैठकीतला एक जण असावा. सर्ट्रालीन, पॅरॉक्सेटीन या औषधांचा गुण दिसायला चार ते सहा आठवडे लागतात. लोक पंधरा दिवसांत सोडून देतात. मनाने एकदम बंदही करायची नाहीत. भयंकर स्वप्नांसाठी काहींना प्राझोसिन देतात. ते मूळचं रक्तदाबाचं, म्हणून अंथरुणातून सावकाश उठायचं. अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांची सवय लागते आणि मूळ दुखणं तसंच राहतं. औषधांखेरीज आघातावर काम करणारी समुपदेशनाची ठरावीक पद्धत असते, साधारण बारा भेटींची. तिच्याबद्दल डॉक्टरांना स्वतःहून विचारा.

टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. सैन्यदलातल्यांसाठी आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी या सेवेचा वेगळा कक्ष डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या एएफएमसी या सैन्यदलाच्या वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला. अपंगत्व पेन्शनचा विचार असेल तर डिस्चार्ज बुक, रिलीज मेडिकल बोर्डाचा कागद आणि उपचारांच्या सगळ्या चिठ्ठ्या एका फायलीत लावून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय गाठा. त्रास सेवेमुळे झाला किंवा सेवेमुळे वाढला, हा मुद्दा तिथे कळीचा असतो. कागदांचं काम बैठकीच्या वेळेत करू नका. फायली उघडल्या की बोलणं बंद होतं.

जिवाचा धोका

शंका आली तर सरळ विचारा: 'जीव द्यायचा विचार येतो का?' विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. 'हो' म्हणाला तर पुढचं विचारा: कसा, कधी, साधन जवळ आहे का. कीटकनाशकाचे डबे त्याच दिवशी घरातून आणि गोठ्यातून हलवा. बरेच माजी सैनिक बँकेत किंवा एटीएम गाडीवर गनमन असतात आणि बारा बोअरची बंदूक परवान्यासह घरातच असते. ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करून पावती घेता येते. त्याला एकटं सोडू नका. प्रयत्न होऊन गेला असेल तर १०८ ला फोन. गुन्हा दाखल होईल या भीतीने घरचे दवाखाना टाळतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं आणि त्याला शिक्षा होत नाही, हे त्यांना तिथल्या तिथे सांगा.

एखादा लागोपाठ दोन बैठकांना आला नाही, तर तिसरीची वाट बघू नका. फोनवर तो 'कामात होतो' म्हणेल. दोघांनी घरी जा, दिवसाउजेडी, लांबूनच हाक मारत, म्हणजे तो दचकणार नाही. 'का आला नाहीत?' हे विचारायचं नाही. चहा घ्या, गोठ्यात काही काम चाललं असेल तर हात लावा, आणि निघताना सांगा की दाराजवळची खुर्ची तशीच ठेवली आहे.